फुग्यांना वारा घालताना

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या तर आधी निवृत्त व्हावं लागतं, असं माझी आई म्हणते. मी सत्तावीस वर्षांची आहे. पण तोपर्यंत मी अर्ध्या गोष्टी विसरून जाईन, आणि मला त्या आत्ताच सांगायच्यात! म्हणून लिहितेय, तेही फोनवर, दोन्ही अंगठ्यांनी. कुठे काना-मात्रा सुटली तर सांभाळून घ्या.

माझं काम फुग्यांचं. वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, दुकानाचं उद्‌घाटन, काहीही असो, कुंभकोणमला फुग्यांची कमान हवी असली की लोक तुळजाला फोन करतात. तुळजा म्हणजे मी. माझ्याबरोबर सेल्वी अक्का असते. ती तमिळ, माझ्यापेक्षा मोठी, आणि फुग्याला गाठ मारण्यात तिचा हात धरणारं आमच्या गावात कोणी नाही. माझी एक गाठ होईपर्यंत तिच्या तीन होतात आणि वर ती मला टोमणाही मारते.

आम्ही मराठीच, पण इथले. तंजावरच्या राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले आणि राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी महाराष्ट्रातल्या लोकांना खापरपणजी बोलतेय अशी ऐकू येते. इथे मी तुमच्यासारखी लिहितेय कारण मालिका बघून बघून शिकलेय. घरात आई मला "काय गे" म्हणूनच हाक मारते. आता एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तुम्ही फुग्यात हवा भरता. आम्ही वारा घालतो. तमिळमध्ये हवेला आणि वाऱ्याला एकच शब्द, 'कात्तु', म्हणून आमच्या घरी सायकलला, उशीला, फुग्याला, सगळ्यांना वाराच.

लोकांना वाटतं यात काय आहे, फुगवायचं आणि लटकवायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग तिरुनीलक्कुडीचं काम आलं. तिथे एका शाळेचं संमेलन होतं. आम्ही शहाण्यासारखं घरी पंख्याखाली बसून सकाळीच सगळे फुगे गच्च फुगवले, बंद व्हॅनमध्ये भरले आणि निघालो. मे महिना. इथे त्या दिवसांना अग्निनक्षत्रम् म्हणतात, यावरून काय ते समजा. अर्ध्या वाटेत मागे पहिला फटाका वाजला. मग दुसरा. मग एकाने दुसऱ्याला उठवावं तशी रांगच लागली. ड्रायव्हरने गाडी शेताच्या कडेला घेतली आणि तो उतरून लांब जाऊन उभा राहिला. शाळेत पोहोचलो तेव्हा आमच्या हातात रबराच्या चिंध्या होत्या आणि फाटकापाशी पोरं रांगेत उभी होती. त्यांची तोंडं मी अजून विसरले नाही.

नाचियार्कोविलला उलटंच शिकले. तिथे पितळेच्या समया बनवतात, आणि एका समयांच्या दुकानाचं उद्‌घाटन होतं. मालक हौशी. म्हणाले, "सगळ्यात मोठ्या समईच्या बरोब्बर वर फुग्यांचा गुच्छ पाहिजे." मी म्हटलं, ज्योतीपासून चांगला लांब आहे, काय होतंय! पाची वाती लावल्या, नादस्वरम् सुरू झालं, आणि वरून फाट् फाट् फाट्. ज्योत लागली नव्हती हो! नुसती गरम हवा वर जात होती. मालक शांतपणे म्हणाले, "परवायिल्लै, लग्नात वेट्टु फोडतात तसं झालं," म्हणजे असू दे, लग्नातल्या फटाक्यांसारखं शुभच आहे. असं गिऱ्हाईक परत मिळालं नाही.

आणि साठीशांत! हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एका सरांची साठी, एसी हॉल, स्टेजवर चमचमत्या कागदाचे सहा आणि शून्य, माणसाच्या उंचीचे. बाहेर व्हरांड्यात भरले तेव्हा टुमटुमीत. आत नेऊन उभे केले, एसी चालू झाला, आणि पाहुणे जमेपर्यंत दोघांच्या अंगावर सुरकुत्या. सहाची मान खाली. सरांची बायको माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "यांच्या आधी आकडाच म्हातारा झाला की गं!" सेल्वी अक्का हसून हसून खुर्चीवर बसली. मी मेकअपवालीकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं आणि सहाला गरम झोत दिला. आणि अहो, तो उठला! सुरकुत्या गेल्या, मान वर. यंत्र बंद केलं की पाच-दहा मिनिटांत परत म्हातारा.

त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं डोकं नुसतं पळत होतं. आत काही घातलं नाही, बाहेर काही गेलं नाही. तोच वारा, तेवढाच. गरम झाला की जास्त जागा मागतो, गार झाला की अंग चोरून बसतो. शाळेत हे शिकवलं होतं, मी पाठ करून परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते माझ्याच पोटापाण्याबद्दल आहे हे कोणी सांगितलं नव्हतं ना!

मग मी घरात प्रयोगशाळा उघडली. सरबताची रिकामी काचेची बाटली घेतली, तिच्या तोंडावर फुगा ओढून बसवला. फुगा लोळागोळा होऊन एका बाजूला पडलेला. इडलीच्या भांड्यात गरम पाणी ओतलं, बाटली त्यात उभी केली. थोड्या वेळात फुगा हलला, मग झोपेतून उठल्यासारखा सरळ उभा राहिला. मी ओरडले. मग बाटली बर्फाच्या पाण्यात. फुगा आधी मऊ पडला, मग पडून थांबला नाही, चक्क बाटलीच्या आत ओढला गेला, जीभ गिळल्यासारखा. मी परत ओरडले. (तुम्ही घरी करा. मोठ्या माणसाने गरम पाणी ओता, आणि बाटली थंडगार असताना एकदम उकळत्या पाण्यात घालू नका, काच तडकते.)

आई आली. "हें काय गे? इडलीचं भांडं कुठं गेलं?"

"आई, बघ, उभा राहिला!"

"त्यांत काय? माझं पीठ उन्हाळ्यांत भांड्याबाहेर येतें, हिवाळ्यांत येत नाहीं. तसंच की."

मला पण क्षणभर तसंच वाटलं. पण नाही, तसंच नाही! पिठात आंबताना नवी हवा तयार होत असते, ऊब मिळाली की जास्त. माझ्या बाटलीत नवीन काहीच होत नव्हतं. हे आईला समजावलं तर ती म्हणाली, "बरं, आता भांडं दे."

मग मापं. फुगा फुगवायचा, पोटाभोवती दोरा गुंडाळायचा, जिथे टोकं भेटतील तिथे गाठ मारायची. मग तो फुगा फ्रीजमध्ये, पिठाच्या डब्याशेजारी. परत दोरा, परत गाठ. मग गच्चीवर उन्हात, परत गाठ. काळा फुगा आणि पांढरा फुगा शेजारी ठेवला तर काळ्याची गाठ लांब जायची, कारण तो ऊन जास्त पितो. आईने फ्रीज उघडला की एक फुगा टुणकन बाहेर. "फ्रीजांत फुगे! आणि दूध कुठं ठेवूं, गच्चीवर?" आठवडाभर आमच्या घरात जेवणापेक्षा गाठीच जास्त झाल्या. पण त्यानंतर मला कोणी जागा सांगितली, वेळ सांगितली, ऊन कुठून येतं ते सांगितलं, की फुगा किती भरायचा ते मी दोऱ्याने दाखवू शकत होते. उन्हातला असेल तर पोटभर भरून मग थोडा सोडायचा. गार हॉलमधला असेल तर तिथेच, त्या गारव्यातच, हवा तेवढा टुमटुमीत भरायचा. झालं! माझा एकही फुगा फुटेना. मी गावभर सांगत सुटले.

आणि मग गिरिजाचा फोन आला.

गिरिजा आमच्यातलीच. आमच्या गल्लीतली, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती, आणि बाळ फार लवकर झालं. किती तरी आठवडे ते हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत. आता घरी आलं होतं, दूध पीत होतं, बाळसं धरत होतं. बारसं राहिलेलं, ते करायचं होतं. गिरिजा म्हणाली, "तुळजा, तो पेटीत होता ना, तेव्हा मी काचेबाहेर बसून एकच ठरवलं होतं. बाहेर आला की पाळण्यावर फुगे. लहान मुलाचं घर दिसलं पाहिजे. हॉस्पिटल नाही."

"मग अडचण काय?"

"सासूबाई."

सासूबाई म्हणजे मंगलकाकू. पुण्याहून आलेल्या, नाकावर चष्मा, बोलणं चाकूसारखं. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बाळ आवाजाला फार दचकायचं. भांडं पडलं तरी दोन्ही हात हवेत, आणि मग रडून रडून निळं व्हायचं. काकूंनी ते पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "एक फुटला तर? मला नकोत फुगे."

मी पुढचं-मागचं न बघता त्यांना मेसेज टाकला की फुटणार नाहीत, माझी जबाबदारी. आणि उत्साहात खाली लिहिलं, आमच्या घरच्या मराठीत, 'काकू, फुग्यांला वारा आदल्या दिवशी घालूं की सकाळीं?'

उत्तर लगेच आलं. 'का गं? उकडतंय का त्यांना?'

मी फोन उलटा ठेवला. महाराष्ट्रात फुग्याला वारा घालणं म्हणजे पंख्याने वारा घालणं, हे मला तेव्हा कळलं. पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना काकूंनी तो मेसेज दाखवला असणार अशी माझी खात्री होती. (दाखवला होता.)

दुसऱ्या दिवशी मी बाटली, फुगा आणि बर्फ घेऊन गिरिजाच्या स्वयंपाकघरात हजर.

"आलीस? वारा घालणारी?" काकू म्हणाल्या.

"आले काकू. गरम पाणी मिळेल का?"

फुगा उभा राहिला तेव्हा काकू जवळ आल्या. आत गिळला गेला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "परत कर," म्हणाल्या. मी परत केलं. मग म्हणाल्या, "पुरी फुगते तसं?"

"पुरीत पाण्याची वाफ होते काकू, नवीन. इथे आतला वारा तोच. फक्त गरम झाला की पसरतो, गार झाला की आखडतो."

"हवा."

"हवा," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. "म्हणजे हॉल गार राहिला तर हे काही फुटत नाहीत."

"गारव्यातच भरीन. जेवढे भरीन तेवढेच राहतील."

"आणि एक जरी फुटला, तरी तिथल्या तिथे सगळे खाली उतरवायचे. गिरिजा रडली तरी."

गिरिजा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "उतरवीन."

बारशाच्या दिवशी आम्ही पहाटेच हॉल उघडून घेतला, एसी लावला आणि गार झाल्यावरच पंपाला हात लावला. पाळण्यावर पांढरी, पिवळी आणि गिरिजाने हट्टाने मागितलेली गडद निळी कमान. दोऱ्याने मोजून, सगळे टुमटुमीत. गिरिजा बाळाला घेऊन आली आणि दारातच थांबली. बाळाचं तोंड कमानीकडे करून उभी राहिली. बाळ निळ्या फुग्याकडे बघत राहिलं. मी सेल्वी अक्काला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "बघितलं. रडू नकोस, गाठी बाकी आहेत."

पाहुणे आले. बायका पाळणा म्हणायला बसल्या. आणि काकूंनी बाळाच्या पायाला हात लावला.

"गार पडलेत पाय! बंद करा ते यंत्र! खिडक्या उघडा!"

कोणीतरी एसी बंद केला. कोणीतरी पूर्वेच्या खिडक्या सताड उघडल्या. मेचं ऊन आत आलं आणि नेमकं कमानीवर, निळ्या बाजूवर बसलं.

मी काकूंकडे पळाले. "काकू, एसी..."

"लहान जीव आहे तो, तुळजा. सर्दी झाली तर परत पेटीत जायचं का?"

तेही बरोबरच होतं. छताचे पंखेही त्यांनी बंदच ठेवायला लावले, बाळाच्या अंगावर झोत नको म्हणून.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. फुगा बोलतो. नखाने टिचकी मारली की पोट सैल असेल तर डब्ब वाजतो. ताणला गेला की टण्ण. आणि रंग फिका होतो, काचेसारखा. सेल्वी अक्का कमानीमागून सरकत टिचक्या मारत गेली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुळजा, निळ्यांचा आवाज बदलला."

दुसरी गोष्ट. फुगा गुपचूप मारता येतो. चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावरून टाचणी टोचायची. फुटत नाही, हळूच सोडून देतो. म्हणजे मी तिथल्या तिथे सगळी कमान मुकाट्याने मारू शकत होते. बाळ दचकलं नसतं. आणि गिरिजाने डोळ्यांदेखत कमान खाली बसताना पाहिली असती.

अक्काने चिकटपट्टी आधीच काढली होती. मी म्हटलं, "फक्त खिडकीला टेकलेले मार. बाकीचे राहू दे."

कारण मला गच्चीवरचा दोरा आठवला होता. काळ्या फुग्याची गाठ उन्हात लांब जायची, पण झुळूक आली की मागे यायची! फुगा नुसत्या हवेपेक्षा कितीतरी गरम होतो ते उन्हामुळे. ऊन अडवलं आणि अंगावरून वारा फिरवला की तो उतरतो.

तेवढे मारून अक्का स्वयंपाकघरात गेली, आचाऱ्याची धुतलेली वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, ओली करून आणली आणि खिडकीवर ताणून बांधली. आचारी मागे ओरडत आला, आम्ही ऐकलं नाही. हॉलच्या कपाटात लग्नातले ताडाच्या पानांचे पंखे असतात, ते मी ओढून काढले. एक अक्काला, एक मला, आणि समोर ज्या मावश्या-काकवा बसल्या होत्या त्यांच्या हातात एकेक. "मावशी, वारा घाला. फुग्यांला. बाळाकडे नको, वर, वर!" आमच्या मावश्या तंजावरी, त्यांना वाटलं मी फुगे भरायला सांगतेय. "अगे, भरलेलेच आहेत की!"

"भरलेल्यांनाच घाला!"

तेवढ्यात काकूंनी पाहिलं. हॉलभर बायका फुग्यांना पंख्यांनी वारा घालतायत.

"हे काय चाललंय?"

मी हात थांबवला नाही. "उकडतंय त्यांना काकू."

काकूंनी कमानीकडे पाहिलं, ओल्या वेष्टीकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे आणि मग बंद एसीकडे. बाटलीतला फुगा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा, कारण चेहरा एकदम बदलला. त्यांनी शेजारच्या मावशीच्या हातातला पंखा काढून घेतला, पदर खोचला आणि निळ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "कुठला सगळ्यात तापलाय?"

"तो. तुमच्या डोक्यावरचा."

आत्या पाळण्यावर वाकली. हॉल गप्प झाला. इतका, की फक्त ताडाच्या पंख्यांची सळसळ. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, अर्णव. लगेच रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपके घातले. सेल्वी अक्का घाबरून म्हणाली, "अय्यो, नाव आवडलं नाही का यांना?"

मी हसू दाबलं आणि टिचकी मारली. डब्ब. पुढच्याला. डब्ब. निळ्याला, काकूंच्या डोक्यावरच्या. डब्ब.

एकही फुटला नाही. एकही! बाळ पाळण्यात झोपलं, तिथेच, कमानीखाली. हलवलं तर उठेल म्हणून काकूंनी कोणाला हात लावू दिला नाही. सगळे जेवायला गेले. मी आणि अक्काने कमान तिथेच उतरवली, एकेक फुगा, चिकटपट्टी लावून, टाचणीने, बाळाच्या डोक्यावर, काही आवाज न करता. गिरिजा शेजारी बसून बघत होती. शेवटचा निळा तिने मागून घेतला आणि मांडीवर ठेवला.

काकू बाळाला आणि गिरिजाला घेऊन पुण्याला गेल्या. नंतर बरेच महिने काही नाही. लोक काम झालं की फुगेवालीला विसरतात, हे आता अंगवळणी पडलंय. मग मागच्या आठवड्यात, मी हे लिहायला घेतलं त्याच्या आदल्याच दिवशी, काकूंचा मेसेज आला. फोटो होता. स्वयंपाकघराचा ओटा, पातेल्यात गरम पाणी, त्यात बाटली, तिच्यावर ताठ उभा निळा फुगा. आणि कोणाच्या तरी कडेवरून वाकून बघणारं अर्णवचं टकलू.

खाली लिहिलं होतं, 'वाढदिवसाची तयारी चालू आहे. काल एक फुटला माझ्या हातात. हा दचकला नाही. हसला.'

मी उत्तर टाइप करत होते तेवढ्यात दुसरा फोटो. फुगवलेला फुगा, अजून गाठ न मारलेला, काकूंच्या चिमटीत.

'तुळजा, एवढा वारा पुरे, का अजून घालूं?'

वारा. अनुस्वारासकट घालूं. मी तो मेसेज आईला वाचून दाखवला, सेल्वी अक्काला तमिळमध्ये समजावून सांगितला, आणि मग फोटो मोठा करून नीट बघितला. फुगा काचेसारखा दिसत होता. मागे खिडकीत पुण्याचं ऊन.

मी लिहिलं, 'थोडा सोडा काकू. दुपारीं उकडेल त्याला.'